मुठीचा साचा

आमच्या रत्नागिरीत बंदुका दुरुस्त करणारे एक काका होते. काम घेण्याआधी ते एकच विचारायचे, "खेळायला की राखणीला?" मग ओल्या मातीचा गोळा हातात देऊन म्हणायचे, "पिस्तूल समजून धर." त्या ठशावरून ते फणसाच्या लाकडाची मूठ कोरायचे. बोलताना नजर लाकडावर, माणसाकडे बघायचेच नाहीत. कॉलेजात मी नेमबाजी करायचो, तेव्हा माझ्या छर्ऱ्याच्या पिस्तुलाची मूठ त्यांनीच केली होती. हातात काही धरलंय हेच मी विसरून जायचो.

पुढे पावस गावातल्या आमच्या बागेत दोनदा चोरी झाली. मी रीतसर परवाना काढून रिव्हॉल्वर घेतलं आणि काकांकडे गेलो.

"चाप हलका करून द्या, माझ्या जुन्या पिस्तुलासारखा."

"तेव्हा तू कागदावर मारत होतास. भ्यालेल्या हाताला हलका चाप द्यायचा नसतो रे," म्हणत त्यांनी मातीचा गोळा पुढे केला. "चोर समोर आलाय समज, आणि धर."

मी धरला. त्यांनी फळीवरचा एक सुकलेला गोळा काढून शेजारी ठेवला. तो माझाच, कॉलेजातला. त्यावर बोटं अलगद टेकली होती. नव्यात ती खोल रुतली होती.

"यातली कुठली मूठ करू?" काकांनी पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं.

मी रिव्हॉल्वर परत पिशवीत घातलं आणि जुना गोळा मागून घेतला.

आता काका नाहीत. गोळा कपाटात आहे. कधीतरी हातात धरतो. बोटं ठशात बसतात अजून, फक्त अलगद टेकायला वेळ लागतो.