पाहिलं कोणी?

सासूने माझा हात पाट्यावर दाबून धरला होता आणि शेजारची विधवा बाई दगड घेऊन बसली होती. बांगड्या फोडायच्या होत्या. आधी माझ्या, मग जावेच्या. आमच्या दोघींचे नवरे एकाच बोटीवर होते आणि वादळानंतर ती बोट आमच्या गावी, मुरब्याला, परतली नव्हती.

आमच्यात समुद्रावरच्या मरणाची खबर डोळ्यांनी पाहिलेल्या माणसानेच आणायची असते. तोवर बांगडीला हात लावत नाहीत. पण त्या दिवशी शिबिराला आलेल्या एका कॉलेजच्या मुलीने अंगणात पेपर वाचून दाखवला: मुरब्याची बोट बुडाली, सर्व गेले.

"छापलंय म्हंजे कुनीतरी पाह्यलंच असंल," सासू म्हणाली.

मी हात ओढून घेतला. मुलीला म्हटलं, "कुनी पाह्यलं ते वाच."

तिने पुन्हा वाचलं. "तसं नाही लिहिलेलं, वहिनी. 'असे समजते' एवढंच आहे."

तिचे प्राध्यापक मागेच उभे होते. "मग कोणाला समजलं ते शोधून या. वर्गात काय शिकवलं मी?" दोन मुलं निघाली. "आजी, ती येईपर्यंत थांबा."

"आनि बोटीवरनं नाय आला कोन, तर रडाया तुमी येनार?"

"येईन."

दुसऱ्या संध्याकाळी मुलं परतली. पेपरवाल्याला पालघरच्या मासळी व्यापाऱ्याने सांगितलं होतं, व्यापाऱ्याला सातपाटीच्या एका बोटीच्या तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्याने. तांडेलाने पाहिलं होतं ते आमच्या बोटीच्या खुणेचं एक पिंप, जाळं तरंगतं ठेवायचं. बोट बुडताना कोणीच पाहिली नव्हती.

सासू ताडकन उठली. "पिंप सुटलं म्हंजे पोरांनी जालं कापलं. कापनारा जित्ता हाय!"

"तेही आपण पाहिलेलं नाही, आजी," प्राध्यापक म्हणाले.

सासूने त्यांना दोन शिव्या हासडल्या. मला मात्र तो माणूस तेव्हाच पटला.

पुढे कित्येक वर्षं ते नवी मुलं घेऊन आमच्याकडे यायचे. मी चौथी शिकलेली, पण बी.ए.च्या मुलांना ओट्यावर बसवून गावातली एखादी खबर तिखटमीठ लावून सांगायची. सगळे माना हलवायचे. "माना काय हलवता? इचारा मला, तू व्हतीस का तिथं?" जो आपणहून विचारेल त्याला पहिला चहा. काही वर्षी पहिला चहा मीच प्यायले.

बोटीचं काय झालं, हे मुलं विचारायचीच. ते मी सांगत नसे. नवरा सांगायचा, कारण पाहिलं त्याने होतं. बोट उंबरगावला लागली. त्याआधी लाटेने धाकट्या भावाला त्याच्या डोळ्यांदेखत नेलं. तो घरी येऊन हे बोलला, तेव्हा जावेच्या बांगड्या फुटल्या.

बोटीवर चौघे होते. तिघे जगले.