पेट्यांमधला पिंडाश्म

कराडच्या ठाण्यात असताना तपासलेली एक चोरी अजून माझ्या मनातून गेलेली नाही. सांगलीजवळच्या माधवनगरच्या गोदामातून तांब्याच्या तारेच्या सीलबंद पेट्या ट्रकने कराडला आल्या. उघडल्या तर आत दगड. फिर्यादीत संशयित म्हणून ड्रायव्हरचे नाव होते.

ड्रायव्हर मिरजेचे, वयस्कर. सगळे त्यांना चाचा म्हणत. गाडीमालकाने त्यांना कामावरून काढले होते, आणि ते रोज चौकशीला येऊन बाकावर बसत.

"आवं साहेब, वाटंत फकस्त चहाला थांबलो. पेट्या कवा उघडू?"

खोटे बोलणारा दर वेळी काहीतरी नवे जोडतो. चाचांचा जबाब तसूभरही हलला नाही.

पंचनाम्यात आम्ही 'काँक्रीटचे तुकडे' असे लिहिले होते. पण मला त्यातली खडी खटकली. क्रशरची खडी टोकदार असते. ही गुळगुळीत, गोल होती. मुद्देमालातला एक तुकडा रीतसर पत्रासह कॉलेजातल्या भूशास्त्राच्या मॅडमकडे नेला.

त्यांनी भिंगातून पाहिले. "हे काँक्रीट नाही. हे नदीनं बनवलंय."

"नदीनं?"

"पुरात गोटे घासून गोल होतात, थरांनी साचतात. मग पाण्यातला चुना फटींत बसून त्यांना जखडतो. गाळाचाच खडक हा, पिंडाश्म." त्यांनी बारीक वाळूची पट्टी दाखवली, तिच्यावरचे मोठे गोटे दाखवले. "वाळू संथ पाण्यातली, गोटे जोराच्या पुरातले."

मीही भिंग घेऊन पाहू लागलो, ते सोडवेना.

"मिळतो कुठं?"

"बऱ्याच ठिकाणी. पण एवढा चुना कोरड्या मुलखात साचतो. आटपाडीकडच्या ओढ्यांत मी पाहिलाय."

माल पाठवण्याचे काम बघणाऱ्या गोदामाच्या सुपरवायझरचे गाव त्याच बाजूचे. पंचांना घेऊन तिथल्या ओढ्यात उतरलो. काठ पहारीने नुकताच फोडलेला होता. आमच्याकडचा एक तुकडा तिथल्या खाचेत लावला.

"लय नवल हाय," एक पंच म्हणाला. "कुलपात किल्ली बसावी तसा बसला."

सुपरवायझर आधी सगळे चाचांवर ढकलत होता. ओढ्यातले फोटो समोर ठेवले तेव्हा त्याने पाणी मागितले आणि कबुली दिली. पेट्या त्यानेच गोदामात भरून सील केल्या होत्या. तार त्याच्या शेतातल्या शेडमध्ये सापडली.

चाचांना बोलावून सांगितले. ते म्हणाले, "पन त्यानं सांगलीतलंच दगड का न्हाई भरलं?"

"तिथं कुणी पाहिलं असतं. गावच्या ओढ्यात कोण विचारणार?"

गुन्हा समोर आला की आपण आधी 'कोणी केला' म्हणून धावतो. या तपासापासून मी आधी 'हे आहे काय' असे विचारू लागलो. वस्तू नीट ओळखली, की माणूस शोधायला फार लांब जावे लागत नाही. आणि भलताच माणूस बाकावर बसून राहत नाही.