वूलगूल्गा : होणाऱ्या व्याह्यांची पाहणी

केतकीने मला गाडीत बसवलं ते काही समुद्र दाखवायला नव्हे. तिला अमनशी लग्न करायचं होतं आणि त्याचे आईवडील बघून मी हो किंवा नाही म्हणायचं होतं. यांना जाऊन दोन वर्षं झाली. मी लेकीकडे थोड्या दिवसांसाठी आले आणि करोनामुळे विमानंच बंद पडली. त्यामुळे पाहणीला मी एकटीच.

पेंडल हिलहून, म्हणजे लेकीच्या घरून, पहाटे निघालात तर सहा-सात तास लागतात. रस्ता छान आहे. मोटेलला रात्रीचे दीडशे डॉलर पडले. डबा बरोबर ठेवा, आणि फोन चार्ज करून. सध्या जिथे थांबाल तिथे करोनाच्या नोंदीसाठी दारावरचा कोड स्कॅन करावा लागतो.

वूलगूल्गा गाव लहान. एकीकडे समुद्र, दुसरीकडे टेकड्यांवर केळी आणि पांढऱ्या जाळीखाली ब्लूबेरी. अमनचे आजोबा केळीच्या बागेत मजुरीला आले होते, आता शेत घरचं आहे. अमनच्या आईने, हरजीतने, आम्हाला ते ओळीन् ओळ फिरवून दाखवलं. बॉर्डर बंद, तोडणीला माणसं मिळत नाहीत, असंही तीच म्हणाली. माझ्या मनात पाल चुकचुकली. मी सरळच विचारलं, "मेरी लडकी को यहाँ काम पे लगाओगे क्या?"

"आई!" केतकी ओरडली.

हरजीत खो खो हसली. "बहनजी, इसके नाखून देखो! आधी से ज़्यादा बेरी तो ये मसल देगी."

हसण्यावारी नेलं, असं मी मनात टिपून ठेवलं.

दुपारी गुरुद्वारात लंगर. डोक्यावर ओढणी, तोंडावर मास्क, दोन माणसांत अंतर ठेवून बसवलेली पंगत. गुडघे दुखत असतील तर भिंतीशी बाकं आहेत. पैसे कुणी मागत नाही. एवढं फुकट का, हे मला कळेना. वाढायला अमनचे वडील होते. "परशादा जी?" म्हणजे पोळी हवी का. मी रीतीप्रमाणे "नको, नको" म्हटलं. ते सरळ पुढे गेले! खीरही तशीच गेली.

मोटेलवर मी केतकीला म्हटलं, "बघितलंस? विहीण होणाऱ्या बाईला एक पोळी धड वाढली नाही. त्यांना आपण नको आहोत."

"आई, तिथे आग्रह करतच नाहीत. हवं तर दोन्ही हात पुढे करायचे."

"आणि लग्नाचं? त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला?"

तिचे डोळे भरले. मीही अर्धपोटीच झोपले.

सकाळी हरजीत पराठे घेऊन मोटेलवर आली. मी तिला बाजूला घेतलं. "लग्नाचं तुम्ही का विचारत नाही?"

ती म्हणाली, "आप अकेली हो. साथ में भाईसाहब होते तो मैं ज़ोर डालती, आप दोनों मिलके मना कर लेते. अकेली पे कैसे डालूँ?"

हे ती मनापासून बोलली की हुशारीने, ते मला आजही सांगता येणार नाही. पण दोन वर्षांत माझ्या एकटेपणाचा असा विचार कुणी केला नव्हता. मी पराठे घेतले.

घरी पोचल्यावर चपला काढता काढता केतकीला म्हटलं, "कर लग्न."

ती दारातच उभी राहिली. "म्हणजे आता संशय नाही ना?"

"आहे की. संशय फिटल्यावरच हो म्हणायचं ठरवलं असतं, तर तुझ्या बाबांशीही माझं लग्न झालं नसतं."