ड्राफ्टच्या संध्याकाळी आम्ही काकांचं ऐकलं

आमच्या टीमचं नाव मी इथे लिहिणार नाही. लिहायला गेले की माझं डोकं फिरतं. हरणाऱ्या टीम तशाही सगळ्या सारख्याच असतात. शिवाय ती इथल्या, मिशिगनमधल्या ॲन आर्बरच्या जवळपासची नाही, त्यामुळे इथे आमच्या दुःखाला फारसं गिऱ्हाईक नव्हतं. काका तरुणपणी शिकायला ज्या शहरात आले, तिथली ती टीम. नोकरीसाठी ते मिशिगनला आले, घर घेतलं, काकू गेल्या, मुलगी मोठी होऊन शिकागोला गेली, पण टीम बदलली नाही. टीम काय घर आहे का बदलायला, असं ते म्हणत.

काका माझे नात्याने कुणी नव्हते. नवऱ्याच्या नोकरीमागे मी इथे आले तेव्हा मला काम करायची परवानगी नव्हती. बाहेर गुडघाभर बर्फ, आणि मी खिडकीत बसून साताऱ्याच्या आठवणी काढत होते. अशातच इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात, हॉलमध्ये नाट्यसंगीत रंगात आलेलं असताना, एक गृहस्थ बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये कानाला इअरफोन लावून भिंतीवर हलकेच मुठी आपटताना दिसले. मला वाटलं, यांना काहीतरी होतंय. जवळ जाऊन विचारलं, तर म्हणाले, होतंय ना, दोन गोलांनी हरतोय. रविवारी ये घरी, सांगतो काय ते.

मी गेले आणि अडकले. बर्फावरची हॉकी मला काकांनी त्यांच्या बेसमेंटमध्ये शिकवली. तीन माणसांचा हा आमचा अड्डा. काका, मी, आणि नागपूरचा एक सॉफ्टवेअरवाला, ज्याला आम्ही नागपूरकरच म्हणायचो. काका वरून चहाचा थर्मास आणायचे, सोबत चिवडा. मॅच बघायची थोडी आणि भांडायचं जास्त.

भांडण एकच होतं आणि ते वर्षानुवर्षं चाललं. आमच्या खेळात दर जूनमध्ये ड्राफ्ट असतो. अठराएक वर्षांची पोरं ओळीने उभी असतात आणि एकेक टीम आपल्या पाळीला एकेक पोरगा उचलते. जी टीम जास्त हरते तिची पाळी आधी. हे पोरगं लगेच कामाला येत नाही. त्याला तयार व्हायला चार-पाच वर्षं लागतात, कधी त्याहून जास्त. आमचे जनरल मॅनेजर, म्हणजे खेळाडू घेणं-देणं ठरवणारे साहेब, दर वर्षी टीव्हीवर येऊन सांगायचे की धीर धरा, आम्ही भविष्य घडवतोय. मला ते पटायचं. कच्ची पोरं घ्या, शिकवा, वाट बघा. काकांच्या मते ही शुद्ध फसवणूक होती. आपली पाळी दुसऱ्या टीमला द्यावी आणि बदल्यात तिशीतला तयार खेळाडू आणावा, असा त्यांचा हट्ट. नागपूरकर ज्याच्या हातात चिवड्याचा डबा असेल त्याच्या बाजूने बोलायचा.

ड्राफ्टच्या आधी महिनाभर काकांकडे पोरांची चौकशी चाले, ती लग्नाच्या स्थळासारखी. उंची किती, आईवडील उंच आहेत का, घरचं वळण कसं आहे, आधी कुठे दुखापत झालीय का. एका पोराला त्यांनी केवळ मुलाखतीत खाली बघून बोलला म्हणून नापास केलं. मी म्हणाले, काका, तो गोल करणार आहे, तुमच्या पाया पडणार नाहीये. त्यावर शब्दाला शब्द वाढत गेला आणि काकांनी मला जिना दाखवला. खरंच दाखवला, बोटाने. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला, की तुझा डबा इथेच राहिलाय, आणि त्या पोराबद्दल तू जे म्हणालीस ते साफ चूक आहे, मी रात्रभर विचार केलाय. माझ्या स्वतःच्या वडिलांनी माझ्या मताचा रात्रभर विचार कधी केला नव्हता. काकांवर माझा जीव जडला तो असा.

मग काकांना स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. हिवाळ्यातली गोष्ट. आम्हाला त्यांनी बेसमेंटमध्येच सांगितलं, मॅचच्या मधल्या सुट्टीत, थर्मासचं झाकण फिरवत. म्हणाले, डॉक्टरला मी स्पष्ट सांगून आलोय. उपचार काय करायचे ते मला सांग, पण दिवस किती उरले ते सांगायचं नाही. ते मुलीला सांग. ती सांभाळेल. आपण इतके हुशार कसे, असा त्यांचा चेहरा झाला होता. नागपूरकरने मान खाली घातली. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, बरं केलंत, तुम्हाला आकडे कधी झेपलेच नाहीत. काका खूश झाले. सुट्टी संपली आणि आम्ही पुन्हा मॅनेजरवर घसरलो.

त्या हिवाळ्यात टीम हरत गेली आणि काका वाळत गेले. केमोनंतर दोन-दोन दिवस अंथरुणात असत, पण रविवारी खाली उतरत. जिन्यावर नागपूरकर त्यांच्या एक पायरी पुढे चाले, न बोलता, धरायला लागलं तर असावं म्हणून. खुर्चीत बसले की पहिलं वाक्य भांडणाचं असे. मी तसूभरही मागे हटत नसे. माझा आवाज चढला की त्यांच्या गालावर रंग यायचा, हे मी डोळ्यांनी बघितलंय. सहानुभूती दाखवायला येणारी मंडळाची माणसं वरच्या मजल्यावर बसायची, हळू आवाजात बोलायची आणि काका त्यांच्यासमोर पेंगायचे.

मे महिन्यात त्यांची मुलगी शिकागोहून राहायला आली. गुणी मुलगी. नोकरीतून रजा घेऊन आली होती, औषधांच्या वेळा पाठ, बाबासाठी रोज वरणभात शिजवायची. ड्राफ्टच्या आदल्या आठवड्यात तिने मला आणि नागपूरकरला बाहेर कॉफीला बोलावलं. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं की आता औषध काम करत नाहीये. उन्हाळा मिळेल. पुढचं धरून चालू नका. हॉकीचा सीझन ऑक्टोबरात सुरू होतो. आम्ही दोघांनी मनातल्या मनात तोच हिशेब केला असणार, कारण नागपूरकर एकदम उठून नॅपकिन आणायला गेला आणि बराच वेळ आला नाही.

मग ती म्हणाली, "एक रिक्वेस्ट आहे. ड्राफ्टच्या दिवशी बाबाशी भांडू नका, प्लीज. ही गेट्स सो वर्क्ड अप. जस्ट लेट हिम बी राइट, फॉर वन्स."

मला ते मुळीच पटलं नाही. मी म्हणाले, त्यांना भांडण आवडतं. ती म्हणाली, नंतर त्यांना रात्रभर झोप लागत नाही, मी बघते ना. शेवटी मुलगी ती, मी कोण? आणि खरं सांगायचं तर एका मरणाऱ्या माणसाला पाच वर्षं धीर धरायला सांगणं मलाही आता जमणार नव्हतं. आम्ही दोघांनी कबूल केलं.

ड्राफ्टच्या संध्याकाळी बाहेर लख्ख उजेड होता. जूनमध्ये इथे नऊपर्यंत असतो. काका खुर्चीत, अंगावर शाल, पायाशी उशी. मुलगी पहिल्यांदाच आमच्यात बेसमेंटमध्ये बसली होती. दोन दिवस बातमी फिरत होती की एक टीम आमच्या पाळीच्या बदल्यात आपला बत्तीस वर्षांचा जुना, नावाजलेला खेळाडू द्यायला तयार आहे. काकांसाठी याहून चांगला विषय नव्हता. त्यांनी शाल सारखी केली, घसा खाकरला आणि सुरुवात केली. द्या ती पाळी. आत्ताच्या आत्ता द्या. पोरं कसली घेताय, तयार माणूस आणा.

एवढं बोलून ते थांबले आणि माझ्याकडे बघितलं. तिथे माझी जागा होती. बारीकसारीक सगळं जिभेवर होतं: तो माणूस म्हातारा झालाय, गुडघा गेलाय, दोन वर्षांत निवृत्त होईल.

"बरोबर आहे काका," मी म्हणाले.

"हो ना यार, काका पॉइंटचं बोलताहेत," नागपूरकर म्हणाला.

काका जरा गोंधळले. त्यांना वाटलं, मला नीट ऐकू आलं नसेल. त्यांनी पुढचा मुद्दा काढला. नुसती पाळी नाही, तो आपला तरुण बचावपटूही द्या सोबत, बदल्यात दोन माणसं मागा. तो बचावपटू म्हणजे माझा लाडका. त्याच्याबद्दल वावगा शब्द काढला म्हणून मी एकदा आठवडाभर काकांचा फोन घेतला नव्हता. मी म्हणाले, हरकत नाही, देऊन टाकायला पाहिजे. मुलीने माझ्याकडे कृतज्ञतेने बघितलं. मग काका म्हणाले, कोचलाही हाकला. आम्ही म्हणालो, हो, हाकलायलाच हवा. मॅनेजरलाही? त्यालाही.

आता ते मुद्दे मांडत नव्हते. ते आम्हाला तपासत होते. मला हे कळलं तोवर उशीर झाला होता. टीव्हीवर कुठल्यातरी दुसऱ्या टीमचा पोरगा आईला मिठी मारत होता. काका त्याच्याकडे न बघता माझ्याकडे, मग नागपूरकरकडे, मग मुलीकडे बघत राहिले. मुलगी शालीचं टोक सारखं करू लागली.

"म्हणजे पुढचा सीझन नाही मला," काका म्हणाले.

मुलगी फक्त "बाबा" म्हणाली आणि तिथेच अडली. मी धडपडले. म्हणाले, छे, काहीतरीच काय काका, आणि तो बत्तीस वर्षांचा घोडा घेऊन करायचंय काय, त्याचा गुडघा गेलाय. माझा आवाज मलाच खोटा वाटला. नाटकात चुकीच्या प्रवेशाला आलेल्या नटीसारखी मी एकटीच भांडत होते. काकांनी हात वर केला. "राहू दे गं," म्हणाले.

आमची पाळी आली. साहेबांनी ती कुणाला दिली नाही. स्वतःच वापरली आणि एक गोलकीपर घेतला. सगळ्यांत जास्त वेळ लागतो तो गोलकीपरला तयार व्हायला. टीव्हीवरचा माणूस उत्साहाने सांगत होता की या मुलाला घाई करू नका, पाच-सहा वर्षांनी बघा हा काय करतो ते. एरवी यावर काकांनी थर्मास आपटला असता. ते म्हणाले, चांगला दिसतोय मुलगा, आणि मुलीला म्हणाले, मला वर ने.

नागपूरकर आणि मी बराच वेळ गाडीपाशी उभे होतो. त्याने विचारलं, आपण काय चुकीचं केलं यार, तिने सांगितलं तेच केलं ना? मी त्याच्यावर खेकसले. त्याने ऐकून घेतलं.

जुलैभर मी जात राहिले. काका माझ्याशी छान बोलत. माझ्या मुलांची शाळा, नवऱ्याची नोकरी, इथली उष्णता. नीट चौकशी करत, उत्तर पूर्ण ऐकून घेत. वरच्या मजल्यावर येणाऱ्या मंडळाच्या माणसांशी बोलत तसे. मी येताना हॉकीच्या बातम्या गोळा करून आणायची, त्यातल्या त्यात चीड आणणाऱ्या, आणि त्या त्यांच्यापुढे टाकायची. ते हं म्हणत. बेसमेंटमध्ये ते त्यानंतर उतरलेच नाहीत. पायात बळ नाही म्हणत, आणि ते खरंही होतं.

ऑगस्टमध्ये बातमी आली की मालकांनी आमच्या मॅनेजरसाहेबांची मुदत आणखी वाढवली. इतकी वर्षं हरून बक्षीस. ऐकून मला संताप आला आणि त्याहून जास्त आनंद झाला. याच्यावर काका गप्प बसूच शकणार नाहीत. एव्हाना परवानगी मिळून मलाही नोकरी लागली होती; ऑफिसमधून तशीच मी त्यांच्याकडे गेले. ते पलंगावर होते, हात चादरीवर, बोटं अगदी बारीक झालेली. मी खुर्ची ओढली, बातमी सांगितली, आणि जाणूनबुजून, जितक्या उद्धटपणे सांगता येईल तितक्या उद्धटपणे म्हणाले की मला तर हे अगदी योग्य वाटतं. माणसाला वेळ द्यायला हवा. तुम्ही इतकी वर्षं उगाच त्याच्या नावाने बोटं मोडलीत. आता बोला.

काकांनी माझ्याकडे बघितलं. मला क्षणभर वाटलं, येतंय. मी जिना दाखवून घ्यायला तयार होते.

"असेल," ते म्हणाले. "तुझंच बरोबर असेल."

आणि माझ्या हातावर थोपटलं.

मी त्यांच्याजवळ आणखी थोडा वेळ बसले, मग स्वयंपाकघरात गेले. मुलगी वरणाला फोडणी देत होती. तिने गॅस बारीक केला आणि माझा दंड धरून म्हणाली, थँक यू, त्या दिवसापासून बाबा किती शांत झालाय, रात्री नीट झोपतो, कशाचा त्रास करून घेत नाही. तुम्हाला भांडू नका म्हणून मी सांगितलं ते बरंच झालं, असं वाटतं ना तुलाही, असं तिने मला विचारलं.

मी हो म्हणाले.