अर्जात भरलेले सात वार

हावड्याला मुंबई मेल सुटायला अवकाश होता आणि माझ्या कपाळावरचं दही वाळत चाललं होतं. कलकत्त्यातल्या गार्डन रीचच्या रेल्वे क्वार्टरमधून निघताना शेजारच्या मासीमांनी बंगाली रीतीने ते कपाळाला टेकवलं, आईने आपल्या रीतीने हातावर घातलं. पुढे मुंबईहून बोट, मग अमेरिका. आई रडत होती. अण्णा माझ्या ट्रंकेचं कुलूप पुन्हा पुन्हा ओढून बघत होते. माझ्याकडे मात्र बघत नव्हते आणि मला ते सोयीचंच होतं.

कारण मी चोरी करून निघालो होतो.

परदेशी विद्यार्थ्यांना मदत देणाऱ्या त्या युनिव्हर्सिटीच्या फॉर्ममध्ये एक कोरं पान होतं. शिक्षण कोणत्या परिस्थितीत घेतलं, ते लिहायचं. माझी परिस्थिती ती काय? वडील रेल्वेत हेडक्लार्क, दोन्ही वेळा गरम जेवण, रविवारी आईचा शिरा. एवढ्यावर कोणाला पाझर फुटणार? मग मी अण्णांचं लहानपण उचललं. साताऱ्यात ते वार लावून शिकले होते. सोमवारी एकाच्या घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्याच्या. कुठे घरच्यांची पंगत उठल्यावर पान, कुठे शिळी भाकरी. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं होतं, मी पानात भात टाकला तेव्हा. ते सगळं मी इंग्रजीत ‘मी’ घालून लिहिलं, सातही वार भरले. भाषा झकास जमली म्हणून वर खूशही झालो.

वडिलांची सही लागत होती. मी शहाणपणाने शेवटचं पानच तेवढं पुढे केलं. “सगळा दे, उद्या ऑफिसात करतो,” म्हणून ते फॉर्मच घेऊन गेले. संध्याकाळी सहीसकट आणून दिला आणि हातपाय धुवायला गेले. त्यांनी वाचला नसणार, असं मी ठरवून टाकलं.

इथे अमेरिकेत आल्यावर कळलं की कमिटीतल्या लोकांना माझा अर्ज फारच भिडला होता. त्यांतल्या तीन-चार घरांनी मला आठवड्यातला एकेक दिवस जेवायला बांधून दिला. म्हणजे मला खरोखरच वार लागले. माणसं सोन्यासारखी. मंगळवारच्या घरची बाई बटाट्यांचं भांडं पुढे सरकवत विचारायची, ती शिळी भाकरी मिळायची तेव्हा तू केवढा होतास? मी बेधडक वय सांगायचो. एकदा तिची लहान मुलगी ऐकता ऐकता रडायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी पुढच्या मंगळवारी मी पुन्हा जेवायला गेलोच.

अण्णांच्या प्रत्येक पत्राची पहिली ओळ ठरलेली: जेवणाची आबाळ होत नाही ना? दोन वर्षं मी ‘नाही’ म्हणून कळवत राहिलो. शेवटी राहवेना. सगळं कबूल केलं, तुमची भूक माझी म्हणून खपवली, असं स्वच्छ लिहिलं आणि माफी मागितली.

उत्तर महिन्याभराने आलं. ‘फॉर्म मी तेव्हाच ऑफिसात बसून वाचला होता. इंग्रजी चांगलं आहे. फक्त शनिवारचं घर कोणतं, ते कळलं नाही. मला शनिवार कधी मिळाला नाही.’

बाकी आईची तब्येत, मासीमांच्या मुलीचं लग्न. मी मात्र त्या ओळीपुढे जाऊ शकलो नाही. आठवड्याचे दिवस सात, म्हणून घरंही सात, एवढाच विचार मी केला होता. सातव्या दिवशी ते काय खात होते, हे मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं. खोलीत मी एकटाच होतो, तरी उठून दार लावून घेतलं.

तिकडे राहिलेले तुम्ही आणि माझ्यासारखेच इकडे आलेले, सगळे विचारता, आता घर कुठलं वाटतं? सातही वार मी ज्या एका घरी पोटभर जेवलो, ते घर. तिथे मी उपाशी होतो, असं मी लिहून दिलेलं आहे.