राजवाड्याचं मोठं दार

राजवाड्याच्या त्या राखणदाराची आठवण आली की आजही माझं डोकं फिरतं. साखरखेर्ड्याहून आम्ही नवराबायको तिथली बाग पाहायला बैलगाडीनं जायचो. गाडी थांबली की हा मिशा पुसत उठायचा आणि माझ्याकडेच बघून म्हणायचा, "मास्तर, तुमी या. बाईले मांगच्या दारानं धाडा. राणीसायबबी तिथूनच जात." मग मी मोठ्या दारानं आत, आणि ही बिचारी भिंतीला वळसा घालून काट्याकुट्यांतून.

एकदा आमच्यादेखत गोरा साहेब मडमेला घेऊन आला. मडम बूट वाजवत मोठ्या दारानं आत गेली आणि हा कमरेत वाकून सलाम ठोकत राहिला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तिले काऊन नाही अडवलं बे?" मी ओरडलो.

"त्या कुठं बाई हायेत, मास्तर? त्या सायब हायेत."

बायकोनं पदर खोचला आणि ती सरळ मोठ्या दाराकडे निघाली. "मास्तर, बाईले आवरा!" म्हणत हा आडवा आला.

तिनं त्याच्या डोळ्याला डोळा भिडवला. "आजपासून मलेबी सायबच समज. सरक."

आणि बेट्याचा हात सवयीनं सलामासाठी अर्धा वर गेलाच!