अप्पांच्या नावाची नळी

चार म्हातारे एका खोलीत बसले की दुखण्यांचे किस्से साचायला वेळ लागत नाही. आमच्याकडे सहा वर्षांचे साचले आहेत. इथे परदेशात, पापाटोएटो नावाच्या उपनगरात, लायब्ररीमागे एक हॉल आहे. दर गुरुवारी सकाळी दहाला आम्ही दहा-बारा मराठी माणसं तिथे जमतो. मुलं कामावर, नातवंडं शाळेत. घरी एकट्यासाठी हीटर जाळण्यापेक्षा हॉलचा बरा. मी सातवी शिकलेला, इचलकरंजीत पस्तीस वर्षं लेथ मशीन चालवलं. लिहिणं हे माझं काम नव्हे. पण दुसऱ्या कोणी सांगितलं तर तो मीठमसाला लावेल, म्हणून मीच सांगतो.

* * *

गेल्या वर्षी हॉलवर मृणाल यायला लागली. पुण्याची मुलगी, इथल्या विद्यापीठात संशोधन करते. आपली माणसं कॅन्सरच्या तपासण्या का टाळतात, हा तिचा विषय.

पहिल्याच दिवशी तिने फॉर्म वाटले. तब्येत कशी आहे, अगदी वाईट ते उत्तम, पाच चौकोन. सगळ्यांनी उत्तमवर खूण केली. काठीशिवाय उठता न येणाऱ्या शिंदेबाईंनीही.

मृणालने त्यांना बाजूला घेऊन विचारलं. बाई म्हणाल्या, "पोरी, एवढ्या थंडीत तू ट्रेनने आलीस. तुला वाईट कशाला लिहून द्यायचं?"

फॉर्म बघून तिच्या प्रोफेसरांनी विचारलं म्हणे, की एवढी धडधाकट माणसं तपासायची तरी कशाला!

* * *

इथे साठीच्या पुढे गेलं की सरकार पोस्टाने एक किट पाठवतं. आतड्याच्या कॅन्सरची तपासणी. छोटी नळी, तिच्या झाकणाला काडी. काडीने शौचाचा नमुना घ्यायचा, झाकण लावायचं, कागदावर सही-तारीख करायची आणि पाकीट पोस्टात टाकायचं. नमुन्यात डोळ्यांना न दिसणारं रक्त असलं तर लॅबमध्ये कळतं. रक्त म्हणजे तो आजारच असं नाही, असं मृणाल दर वेळी दोनदा सांगते. दोनदा सांगते म्हणूनच भीती वाटते.

शिंदेबाईंनी विचारलं, संकष्टीला हे चालतं का. मृणाल म्हणाली, कुठल्याही दिवशी करा. बाईंनी गणपती बसायच्या आदल्या दिवशी नमुना घेतला. दुसऱ्या दिवशी गणपती आले. मूर्ती घरात असताना त्या पाकिटाला हात लावायला कोणी तयार होईना. पाकीट गॅरेजमध्ये, गमबुटांच्या मागे. विसर्जनानंतर पोस्टात पडलं. लॅबचं पत्र आलं, की नमुना जुना झाला, नवं किट पाठवत आहोत.

मृणालने वहीत लिहून घेतलं, सणांचं कॅलेंडर विद्यापीठाला दाखवायचं.

* * *

हा किस्सा कुलकर्णी मास्तरांचा. त्यांना पोटाच्या मोठ्या डॉक्टरकडे नेलं होतं. मास्तरांचं इंग्रजी आपल्याकडचं, डॉक्टर बोलतो इथलं, म्हणून लेक सांगायला बसली. डॉक्टर बराच वेळ बोलला. कागदावर चित्र काढून दाखवलं. मग लेक मास्तरांकडे वळून म्हणाली, "काही नाही बाबा, गोळ्या दिल्यात."

मास्तर डॉक्टरकडे बघत राहिले. मग लेकीला म्हणाले, "चित्र गोळ्यांचं दिसत नाही."

मास्तर आता गुरुवारी येत नाहीत. त्यांची खुर्ची आम्ही मांडतो.

* * *

आता अप्पा. अप्पा सांगलीचे, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. हॉलवर माझ्या शेजारी बसतात. त्यांचा थोरला भाऊ याच आजाराने गेला. अप्पांनी तो शेवटपर्यंत पाहिला होता. म्हणून किट आलं तसं त्यांनी कपाटात सदऱ्यांखाली सारलं. सून सुप्रिया रोज विचारायची, "अप्पा, पाठवलं का?" अप्पा म्हणायचे, आज पोट नीट नाही.

माझंही किट आलं होतं. मुलाने टेबलावर ठेवलं. मी परत त्याच्या खोलीत नेऊन ठेवलं. आजवर डोकेदुखीची गोळी घेतली नाही, मला काय तपासायचं. हे मी हॉलवर मोठ्याने सांगत असे. अप्पा ऐकत असत.

एका गुरुवारी चहा झाल्यावर ते मला बाहेर घेऊन गेले. गाड्या लावतात तिथे उभं राहून म्हणाले, "नाना, तुमचं पोट लोखंडाचं. माझ्या नळीत तुमचं द्या. एकदा चांगला निकाल आला की सुप्रिया थांबेल."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण माणूस रडवेला झाला होता, आणि पोटाची तारीफ मला आवडली, हेही खरं. नळी खिशात घालून मी घरी नेली. दुसऱ्या दिवशी भरून परत दिली, अप्पांनी सही करून पाकीट टाकलं. आम्ही दोघांनी दुकानात जाऊन जिलबी खाल्ली.

* * *

दहा-बारा दिवसांनी दवाखान्यातून सुप्रियाला फोन आला. अप्पांच्या नमुन्यात रक्त सापडलं होतं. आतून दुर्बिणीने तपासायचं होतं.

अप्पांच्या घरात रडारड झाली. मुलाने रजा काढली. दुसऱ्या शहरातून, जॉन्सनव्हिलहून, मुलगी विमानाने आली. सांगलीला फोन झाले, तिथे कोणी अभिषेक सांगितला. सुप्रियाने श्रीखंड केलं. अप्पा मधे बसून श्रीखंड खात होते. त्यांना काही झालेलं नाही, हे त्या घरात त्यांनाच फक्त ठाऊक होतं आणि बोलता येत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ते चालत माझ्या घरी आले. दारातच उभे राहिले, चपला काढल्या नाहीत.

"नाना, ते तुमचं आहे."

मी म्हणालो, किट खराब असेल. ते म्हणाले, असेल.

* * *

पुढचे आठ दिवस मी कोणाला सांगितलं नाही. सकाळी संडासात दिवा लावून बघायचो. काही दिसायचं नाही. न दिसण्यानेच जास्त घाबरायला होई. जेवण उतरेना. सून म्हणाली, बाबा, भाजी आवडली नाही का. मी म्हणालो, मीठ कमी आहे. मीठ बरोबर होतं.

तिकडे अप्पांची हॉस्पिटलची तारीख आली. तेव्हा गुरुवारी सगळे गेल्यावर मी मृणालसमोर बसलो आणि जे केलं ते सांगितलं. तिने पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "काका, आपली माणसं तपासणी का टाळतात त्याची बावीस कारणं मी लिहिली आहेत. यात हे कुठे घालू?"

पण लगेच तिने तपासणीवाल्यांना फोन लावला. पलीकडच्या बाईने दोनदा सगळं विचारून घेतलं आणि हसली नाही. अप्पांचा निकाल रद्द झाला. दोघांना नवी किटं आली.

मुलाला मीच सांगितलं. मला वाटलं, ओरडेल. तो एवढंच म्हणाला, "तीन वेळा टेबलावर ठेवलं होतं, बाबा."

सुप्रिया अप्पांशी दोन दिवस बोलली नाही. या वेळी दाराबाहेर उभी राहून तिने किट करून घेतलं.

अप्पांचा निकाल चांगला आला. माझा तोच आला, जो आधी अप्पांच्या नावाने आला होता.

* * *

परवा दुर्बिणीची तपासणी होती. आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध घेतलं, त्याचं वर्णन करत नाही. मुलगा गाडी लावायला गेला. अप्पा सकाळपासून बरोबर होते, कोणी बोलावलं नव्हतं. मी तो मागून बांधायचा झगा घालून बसलो होतो. अप्पांनी माझे कपडे घडी करून मांडीवर घेतले होते. निकाल चांगला आल्यापासून ते माझ्याकडे सरळ बघत नव्हते.

तसेच जमिनीकडे बघत म्हणाले, "नाना, वाईट निघालं तर माझ्या नावावर लिहायला सांगा. माझ्या घरच्यांचं रडून झालंय."

नर्स आली. तिने कागद पाहिला आणि मला नाव विचारलं.

मी माझं सांगितलं.